डीजे वाजला की चित्र जातं

आम्ही डहाणू-तलासरीचे चार शूटिंगवाले चहाला बसलो की लोकांना वाटतं, नवरा-नवरीच्या गमती चालल्या असतील. छे हो! आमच्यात गोष्टी निघतात त्या कॅमेरा रिपेअरिंगच्या. लग्नातले किस्से विसरायला होतं, रिपेअरिंगचे मात्र लेन्सवर बुरशी चढावी तसे आपोआप चढत जातात. त्यात माझा नंबर पहिला! माझ्या कॅमेऱ्याने नोटबंदीच्या आदल्या हंगामात मला जेवढं नाचवलं, तेवढं कुठल्या वरातीत कुणी नाचलं नसेल.

दुखणं एकच. डीजे वाजला की चित्र जातं. डीजे थांबला की चित्र हजर. म्हणजे नवरीची आत्या रडतेय ते छान दिसणार आणि वरात निघाली की काळोख!

एरवी मी म्हटलं असतं, मरू दे, हंगाम संपल्यावर बघू. पण महिन्यावर वेवजी गावच्या जानी आणि रघ्याचं लग्न होतं. दोघं बावीस वर्षं एकत्र संसार करत होते, तीन मुलं होती. आमच्याकडच्या पाड्यांवर यात नवल नाही. गावजेवणाची सोय होईल तेव्हा लग्न लागतं, तोवर संसार काही अडून राहत नाही. आता मोठ्या मुलीचं ठरत आलं होतं, तिच्याआधी आईबापाचं लागायला हवं. जानी स्वतः स्टुडिओत आली. खुर्ची दिली तर बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "दादा, शूटिंग तूच कराचा. मना माझा लगीन टीव्हीवर बघाचा हाय."

मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. आणि मग सुरू झाली वणवण.

*

पहिला गाठला हितेश. तलासरीला त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. कॅमेरा हातात घेऊन त्याने वास घेतला. हो, वास!

"दादा, खारी हवा. आत ओल धरलीय. टेन्शन नका घेऊ."

दोन दिवसांनी गेलो तर कॅमेरा दुकानात नाही. घरी, तांदळाच्या डब्यात! मोबाईल पाण्यात पडला की हा तांदळात ठेवतो, तोच इलाज. त्याची आई माझ्यावरच उखडली, "तुमच्या कॅमेऱ्यामुळे दोन दिवस खिचडी नाही आमच्याकडे!"

कॅमेरा बाहेर काढला. चित्र जायचं तसंच जात होतं, वर झूम फिरवला की कर्र कर्र. रिंगमध्ये कोंडा!

हितेश जराही डगमगला नाही. म्हणाला, "तांदूळ जुना होता दादा. नवा घ्यायला पाहिजे होता."

*

शेवटी मुंबईचं सर्व्हिस सेंटर. काचेचं दार, एसी, टोकन नंबर. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला. 'तक्रार' या रकान्यात मी सरळ लिहिलं, "डीजे वाजला की चित्र जातं."

तिने ते दोनदा वाचलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर, डीजे आमच्याकडे रिपेअर होत नाही."

आता बोला! समजावून सांगितलं, तेव्हा तिने तक्रार खोडून इंग्रजीत काहीतरी लिहिलं. आठ दिवसांनी फोन आला. इंजिनिअर साहेब स्वतः बोलत होते.

"कॅमेरा चार तास चालवून बघितला. एकदम ओके आहे."

"साहेब, पण डीजे लावून बघितलात का?"

"अहो, हे सर्व्हिस सेंटर आहे!"

कॅमेरा घेऊन डहाणूला आलो. संध्याकाळी घोलवडला हळद होती, चिकूच्या वाडीत मांडव. डीजेवाल्याने पहिला ठोका दिला आणि चित्र गुल! मी तिथेच साहेबांना फोन लावला. स्पीकरसमोर मोबाईल धरून ओरडलो, "ऐका! आता गेलं बघा!"

साहेब म्हणाले, "मला काहीच ऐकू येत नाहीये, खूप आवाज आहे तिथे."

*

मग माझं डोकं सटकलं. म्हटलं, तुम्ही डीजे लावत नाही ना? मीच आणतो!

वाढवणचा दामू माझा जुना दोस्त. लग्नसराईत बँडमध्ये ढोल, बाकीचे महिने भावाच्या होडीवर मासेमारी. त्याला सांगितलं, चल मुंबईला, पाच मिनिटांचं काम आहे. तो नवा शर्ट घालून, ढोल गळ्यात अडकवून तयार.

दारावर वॉचमन म्हणाला, "ये क्या है?"

दामू म्हणाला, "टेस्टिंग का सामान."

साहेबांनी कॅमेरा टेबलावर ठेवला, टीव्हीला जोडला. चेहऱ्यावर भाव असा की चला, या गावाकडच्या माणसाची हौस फिटू दे एकदाची. मी दामूला खूण केली.

दामू म्हणजे काय, हातचं राखून वाजवणं त्याला ठाऊकच नाही. पहिल्या ठोक्याला काचा थरथरल्या. दुसऱ्याला टोकनवाली मुलगी उभी राहिली. तिसऱ्याला टीव्ही काळा!

"गेलं! गेलं!" मी एवढा आनंदलो की पोरगा झाल्यासारखे हात वर केले. आतून सगळे इंजिनिअर धावत आले. साहेब म्हणाले, "पुन्हा वाजवा." दामूने वाजवलं. पुन्हा गेलं. पुन्हा वाजवा, पुन्हा गेलं. चौथ्या वेळी मागच्या ऑफिसातले एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून नाचायला लागले, त्यांना तर कॅमेऱ्याचं काही माहीतही नव्हतं.

आतली सर्किटची एक प्लेट हादऱ्याने सुटत होती, एवढंच निघालं. साहेबांनी हार मानून फॉर्म भरला आणि खाली शेरा मारला. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. त्यावर लिहिलंय, "दोष ढोलावर सिद्ध."

*

प्लेट बदलायची. पण प्लेट कुठे? सिंगापूरला!

रोज सकाळी मी फोन करायचो. "निघाली का?" "सिंगापूरहून निघायचीय सर." लग्नाला पंधरा दिवस राहिले, मग दहा. जानी बाजारच्या दिवशी स्टुडिओच्या दारातून डोकावून जायची, "दादा, आला का कॅमेरा?" मी म्हणायचो, येतोच आहे. दुसरा कॅमेरा मागावा, तर बाकीच्या तिघांचे भर हंगामात बुक. त्या बाईने बावीस वर्षं वाट बघितली, आणि माझ्यापायी राहिलं तर?

दामूला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे विडी विझवली आणि विचारलं, "सिंगापूर ना? होडी काढू का?"

*

लग्नाच्या दोन दिवस आधी कॅमेरा आला. दामूने अर्धा तास ढोल बडवला, चित्र हललं नाही. मला तर रडूच आलं.

वेवजीला लग्न झोकात झालं. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी म्हातारी, गाणं म्हणत एकेक विधी करत होती. जानीने डोक्यावरून पदर घेतला होता आणि तिची तिन्ही मुलं मांडवात सगळ्यांत पुढे बसली होती. भर दुपारचं ऊन, स्क्रीनवर काही दिसत नव्हतं, पण मला कशाला दिसायला हवं? मी जीव ओतून शूटिंग केलं.

स्टुडिओत येऊन टीव्हीला लावलं. एक सेकंद मांडव. संपलं. एक सेकंद धवलेरी. संपलं. एक सेकंद रघ्या शिंकतोय. संपलं. अख्खं लग्न दोन मिनिटांत!

झालं होतं असं. माझ्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगचं बटण जुनं, पहिल्या दाबाला कधी लागायचंच नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं माझा अंगठा पटकन दोनदा दाबायचा. साहेबांनी ते बटणही न सांगता बदलून दिलं होतं, प्रेमाने, फ्रीमध्ये! आता पहिल्या दाबाला चालू, दुसऱ्याला बंद. कॅमेरा पुरता दुरुस्त झाला होता, बिघाड उरला होता तो माझ्या अंगठ्यात.

दुसऱ्या दिवशी वेवजीला गेलो. पाय ओढत गेलो. रघ्या अंगणात कोयत्याने कुंपणाच्या काठ्या तासत होता, जानी तांदूळ निवडत होती. मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

जानी सूप हातात घेऊन उठली. मला वाटलं, आता सूप डोक्यात येतंय.

"म्हंजे टीव्हीत आमचा लगीन नाय?"

"नाही गं."

"कुठंच नाय?"

"तसं नाहीच म्हण."

तिने वळून रघ्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. सावकाश. मग म्हणाली, "मंग मना आजून विचार कराला टाईम हाय!"

रघ्याच्या हातातला कोयता थांबला. तो उठला, माझा दंड धरून मला अंगणाबाहेर लोटत म्हणाला, "दादा, तू बसू नको. कॅमेरा घेऊन ये. धवलेरीला मी आणतो!"