काटा चढला की बाई घाबरायच्या

हट्टा गावच्या लोखंडे बाई दात घासायच्या आधी हवेची चौकशी करायच्या. दाराशेजारी शाळेनं टाकून दिलेला वायुदाबमापक टांगलेला. त्यावर नखानं टक्‌टक्‌ करायच्या. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईंचा धाकच असा, की काटासुद्धा उभा राहून उत्तर द्यायचा. शप्पथ!

जगाला वादळाची भीती, बाईंना निरभ्र आकाशाची. "आभाळ हसून राहिलं की मी शाल शोधते," म्हणायच्या.

त्या पौषात तीन दिवस ढग होते. हरभऱ्यावर अळी पडेल म्हणून गाव हवालदिल. चौथ्या सकाळी आकाश लख्ख झालं, वारा पडला. मी खुशीत बाईंच्या ओट्यावर गेलो, तर त्यांचा चेहरा उतरलेला.

"काटा चढून राहिला रे. तुझी केळी निसवली का?"

"व्हय बाई, आठशे झाडांचे घड बाहेर येऊन राहिलेत. ढग गेले, आता काहून भ्यायचं?"

"ढग गेले म्हणूनच! वाकळ ओढून घेतली की लेकरू गारठतं का न्हाई? उत्तरेकडं गार हवेचा ढीग साचलाय. गार हवा जड, ती इकडं घरंगळती, म्हणून काटा चढतो. वर ढग न्हाई, वारा न्हाई. जमिनीची ऊब सरळ आभाळात. आज बागेला पाणी सोड, ओली माती ऊब धरती; बांधावर धूर कर, तीच वाकळ."

"बाई, तुमचा काटा म्हातारा झाला."

"मी बी झाले. पण बराबर सांगते."

दुपारी ऊन असं, की माझी सावलीसुद्धा सावली शोधत होती. तरी बाईंच्या भीतीनं अर्ध्या बागेला पाणी सोडलं, एका बांधावर ओला पाचोळा पेटवला. सांजेला बाई स्वतः आल्या. कानाला शाल, धुरानं डोळे वाहताहेत, आणि एकच घोकणं: "त्या कोरड्या अंगाला कोण हाय? त्या अंगाला?"

"उद्या करतो की!" मी म्हणालो.

त्याच रात्री थंडी अशी पडली, की कोंबड्याची बांग नरड्यातच गोठली आणि दुपारी उन्हात सुटली. दोन दिवसांत कोरड्या अंगाची पानं करपली, घड झाडाच्या गळ्यातच अडकले. भिजवलेली बाजू तगली.

आता शाळेसारखा कान पिळतील म्हणून मी मान खाली घालून उभा. बाई करपलेल्या पानावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या.

"एवढं आयुष्य गेलं," त्या पुटपुटल्या, "एकदा तरी चुकायला पाहिजे होतं रे मी."