शिशाचा धूर

जुन्नरला एसटी स्टँडजवळ ह्यांचं बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या, जीपच्या जुन्या बॅटऱ्या उघडायच्या, आतल्या प्लेटा बदलायच्या, शिसं वितळवून नवे जोड ओतायचे. स्टोव्हवर शिसं तापत असायचं आणि शेजारीच बसून हे डबा खायचे. संध्याकाळी पिंपळवंडीला घरी आले की कपडे मी वेगळे भिजवायची. अ‍ॅसिडनं बाकीच्या कपड्यांना भोकं पडतात, एवढंच मला ठाऊक होतं. बादलीतलं पाणी काळपट व्हायचं. शिशाचं भय तेव्हा आम्हाला नव्हतंच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ह्यांचं पोट दुखायला लागलं. मनगटात जोर राहीना, चिडचिड वाढली. गावातले डॉक्टर गॅसच्या गोळ्या द्यायचे. मग एकदा लघवीतून रक्त गेलं आणि आम्ही पुण्याला गेलो. किडनीचा कॅन्सर निघाला.

"काम काय करता?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"बॅटरीचं दुकान हाय."

"शिसं वितळवता?"

"त्याच्याबिगर कसं व्हनार?"

त्यांनी रक्त तपासायला लावलं. शिसं फारच जास्त निघालं. मी विचारलं, "मग त्याच्यानंच झालं का हे?"

"शिशाचा आणि कॅन्सरचा संबंध असावा असा संशय आहे, ताई. पण ह्यांना त्यामुळंच झाला, असं मी ठामपणे नाही सांगू शकत. हे तंबाखूही खातात. शिसं मात्र आता बंद करा."

परतीच्या गाडीत हे म्हणाले, "बघ, डाक्टरलाबी सांगता येत न्हाई." बंद करा, हे फक्त मला ऐकू आलं होतं.

किडनी काढली. जरा बरं वाटताच हे पुन्हा दुकानात जाऊन बसले. रोज सांगून मी थकले. एक दिवस मीच एसटीनं दुकानात गेले आणि गिऱ्हाईक उभं असतानाच स्टोव्ह विझवला.

"अगं, लोकं बघत्यात."

"बघू द्या. आता हितं शिसं तापायचं न्हाई."

हे माझ्यावर चिडले. पण त्यानंतर ह्यांनी दुकानात नव्या तयार बॅटऱ्याच विकल्या. काही वर्षं बरी गेली. मग आजार फुप्फुसात उतरला आणि हे गेले.

भेटायला येणारे म्हणायचे, तंबाखूनं घात केला. कुणी म्हणायचं, नशीब. सुरुवातीला मी शिशाचं सांगायची. "त्यानं कुठं कॅन्सर व्हतो का?" असं लोक उलट विचारायचे. पुढं पुढं मी नुसती मान हलवू लागले.

मुलगी म्हणते, "आई, इतकी वर्षं ते कपडे तू धुतलेस, तुझंही रक्त तपासून घेऊ." बघू, म्हणते मी. पुण्याची ती गाडी, ती रांग, आणि शेवटी पुन्हा 'ठामपणे सांगता येत नाही' हेच ऐकायचं. तेवढं त्राण आता अंगात उरलेलं नाही.