आत ओढलेला होकार

मला किळस चटकन येते. कॅम्पच्या मेसमध्ये कुणी उष्टा चमचा भाताच्या पातेल्यात घातला, की मी ताट सोडून उठतो. खोलीतले दोस्त चिडवतात, "मुसलमान असून सोवळ्यातला आहेस तू." आणि अशा माणसाच्या वाट्याला काम कुठलं यावं? सौदीत, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या एका फुटबॉल अकादमीची सामानाची खोली. घामट जर्सी, ओले मोजे, आणि सगळ्यांवर ताण म्हणजे गोलकीपरचे हातमोजे. चेंडू हाताला धरून राहावा म्हणून कीपर त्यांत थुंकतात. तासभर थुंकतात आणि मग ते माझ्या टेबलावर फेकून जातात.

आपले हातमोजे आपण धुणारा तिथे एकच माणूस होता. आमचे कीपरांचे कोच, स्वीडनचे. उंच, पन्नाशी ओलांडलेले, हातांची बोटं मोडून वाकडीतिकडी जुळलेली. सराव संपला की ते माझ्या खोलीतल्या नळाखाली हातमोजे चुरत, कागदाचे बोळे भरून सावलीत वाळत ठेवत. थुंकत तेही होतेच, पण निदान ते निस्तरण्याची लाज त्यांना होती. मी त्यांना चहा करून देऊ लागलो.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "चहा?" कोचनी ओठ जरासे उघडले आणि झटकन श्वास आत ओढला. स्स! मला वाटलं, दाढ ठणकतेय. आपल्याकडे काही झोंबलं, भाजलं की माणूस असाच श्वास ओढतो. मी चहाबरोबर लवंग दिली आणि दाढेखाली धरा म्हणून खुणेनं दाखवलं. त्यांनी ती निमूट धरली. दुसऱ्या दिवशी परत स्स, परत लवंग. असं बरेच दिवस चाललं. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुमच्या गावाकडे चहाबरोबर लवंग खायचीच असते का?" मग उलगडा झाला. स्वीडनच्या उत्तरेला, त्यांच्या भागात, 'हो' म्हणायची ही एक रीत आहे. तोंडानं शब्द काढायचा नाही, श्वास आत घ्यायचा, की झाला होकार. मी पोट धरून हसलो. मनात म्हटलं, या लोकांना थंडीत तोंड उघडायचाही कंटाळा.

त्या चहावर त्यांनी त्यांची सगळी कारकीर्द मला तुकड्यातुकड्यानं सांगितली. लहानपणी त्यांच्या गावात गवताचं मैदान नव्हतं, बारीक खडीचं होतं. उडी मारून पडलं की मांडी सोलून निघायची, आणि रात्री चादर जखमेला चिकटायची. तरी हा माणूस उडी मारायचा थांबला नाही. पुढे एकाच क्लबात वर्षानुवर्षं खेळले, अंगठे मोडले, खांदा निखळला. देशाच्या संघात मात्र बहुतेक वेळ बाकावर बसून काढला. मग एकदा मोठ्या सामन्यात उभे राहिले आणि आपल्याच खेळाडूनं मागे ढकललेला साधा, मेलेला चेंडू त्यांच्या दोन पायांमधून आत गेला. बस्स. त्याआधी अडवलेले आणि त्यानंतर अडवलेले सगळे चेंडू मातीत गेले.

निवृत्त झाल्यावरही लोकांनी सोडलं नाही. दुकानात अंडी घेतली तरी गल्ल्यावरची बाई म्हणायची, "जपून हं, हातातून निसटतील." वडिलांना पुरून परत येताना एका लांबच्या नातेवाइकानं खांद्यावर हात ठेवून त्या गोलाचीच गोष्ट काढली. ऐकून माझ्या तोंडात कडू आलं. कोच म्हणाले, "इथे मला कुणी ओळखत नाही. मी इथे राहतो तो एवढ्यासाठीच."

आता मॅनेजर. कोचना मी आदरानं 'ते' म्हणतोय, पण याला 'तो'च म्हणणार. पुण्याकडचा, गोरागोमटा, अत्तरात बुडवून काढलेला. माझ्याशी मराठी बोलायचा ते फक्त काम सांगताना. तो एक दिवस सामानाच्या खोलीत आला, नाकाला रुमाल लावून, आणि कोचना इंग्रजीत म्हणाला, "समारंभाला मोठे पाहुणे येताहेत. त्यांचा लहान मुलगा पेनल्टी मारेल. तुम्ही गोल होऊ द्यायचा. कराल ना?"

यात काय अवघड? कोच लहान पोरांना रोजच गोल करू देत. त्यांनी हातमोजे चुरता चुरता श्वास आत ओढला. स्स!

मॅनेजर लाल झाला. मला बाहेर बोलावून म्हणाला, "बघितलंस? एवढंसं काम सांगितलं तर नाक मुरडतोय. भाव खातोय गोरा."

"साहेब, ते हो म्हणाले."

"मला कळत नाही का? मिरची लागल्यासारखं तोंड करतो आणि म्हणे हो!"

"त्यांच्याकडे हो असंच म्हणतात, साहेब."

"तू मोजे मोज," तो म्हणाला. "कोण लागून गेलाय हा, तेच काढतो आता."

आणि काढलंच त्यानं. मला मात्र त्याचा पत्ता लागला तो समारंभाच्या दिवशी, सगळ्यांबरोबर. मैदानावर गालिचे, त्यावर सोफे, कहवा, खजूर. मी चेंडूंची पिशवी घेऊन गोलाच्या मागे उभा होतो. कोच गोलात उभे राहिले आणि शेजारच्या मोठ्या पडद्यावर त्यांचं नाव झळकलं. मग तो जुना सामना लागला. भरगच्च केसांचे तरुण कोच, सरपटत येणारा चेंडू, दोन पाय, आणि जाळी. एकदा दाखवलं, मग हळू करून दाखवलं, मग मागे-पुढे मागे-पुढे, वर सर्कशीतलं पिपाणीचं संगीत. सोफ्यावरची माणसं खजुराच्या बिया बशीत टाकत हसत होती. माईकवरचा माणूस ओरडला, "आता प्रत्यक्ष बघा! यल्ला, चला!"

कोचनी एकदा पडद्याकडे पाहिलं, मग त्या पोराकडे. मी मनात म्हणत होतो, अडवा. नाहीतर चालते व्हा. पोरगं बावरलेलं. त्यानं कशीबशी लाथ मारली आणि चेंडू रेषेच्या अलीकडेच थांबला, नेमका कोचच्या दोन पायांमध्ये. पोराचा ओठ थरथरायला लागला. कोचनी खाली पाहिलं आणि टाचेनं चेंडू मागे ढकलून स्वतःच्या गोलात घातला.

काय तो हशा! सगळ्यांचे फोन वर. पोरगं नाचायला लागलं. चेंडू माझ्या पायाशी जाळीत येऊन थांबला, तो उचलायचीसुद्धा मला घाण वाटली.

मॅनेजर टाळ्या वाजवत माझ्याजवळ आला. "बघ, सरळ आला की नाही? आधी कसा फुत्कारत होता!"

मी म्हटलं, "साहेब, आधीसुद्धा ते हो म्हणाले होते. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"खरंच?" तो फोनमध्ये डोकं घालत म्हणाला, "मग नीट सांगायचंस ना. एवढी शोधाशोध तरी वाचली असती."

त्याच्या अत्तराचा वास आजही कुठे आला तर मी नाक दाबतो.

दर आठवडा संपताना मी आणि कोच त्यांच्या गाडीतून जवळच्या राबिघ गावच्या बाजारात मासळी आणायला जायचो. मी खाडीकाठचा, कल्ले उघडून मासा पारखायचो, आणि कोच कोळंबीचे ढीग बघत, कमरेवर हात ठेवून आरामात गाळ्यागाळ्यांतून फिरायचे. त्यांना ते फार आवडायचं. त्या आठवड्यातही गेलो. आमचा नेहमीचा बांगलादेशी मासळीवाला, भला माणूस, कोचना पाहताच सुरी ठेवून पुढे आला.

"अरे साब! आप तो हीरो निकले!"

त्यानं टोपलीतलं लिंबू घेतलं, पाय फाकले, ओल्या फरशीवरून लिंबू आपल्याच पायांमधून मागे सरकवलं आणि हात वर करून ओरडला, "गोल!" शेजारचे गाळेवाले खदाखदा हसले. एकानं फोन काढून दाखवला. त्यात सगळं होतं, जुनंही आणि आमच्या मैदानावरचंही.

माझ्या तोंडून शिवी निघणार होती. पण कोच हसले. मान मागे टाकून, दात दाखवून, अगदी वेळेवर. इतक्या दिवसांच्या चहात हे हसणं मी कधी पाहिलं नव्हतं. ते बसवलेलं होतं, अंडी विकणाऱ्या बाईपुढे, वडिलांना पुरून आल्यावर, कुठे कुठे वापरून गुळगुळीत झालेलं. ते या गावात त्यांना पहिल्यांदाच काढावं लागलं होतं.

त्यांनी मासे घेतले, सगळ्यांशी हात मिळवले. गाडीत बसल्यावर बराच वेळ चावी फिरवली नाही.

"पुढच्या वेळेपासून तू एकटाच ये," ते म्हणाले. "कुठला मासा हवा ते मी सांगत जाईन."