आधी ठेवा, मग ओरडा

चेणे गावात मधमाशीपालन शिकवणाऱ्या बाई प्रत्येक वाक्य "हळू, हळू" म्हणून सुरू करतात, रिक्षावाल्यालासुद्धा. त्यांच्याकडे नवशिक्यांनी पेटी उघडायची नाही, नुसतं समोर बसून माश्यांची ये-जा बघायची. पेटी उघडणाऱ्या जुन्यांची बॅच वेगळी. मी भाईंदरहून दर रविवारी जाऊन बसायचे आणि मनात धुसफुसायचे.

परवा त्यांनी पहिल्यांदाच पेटीतली, माश्यांनी भरलेली पोळ्याची चौकट माझ्या हातात दिली. लगेच अंगठ्याला डंख बसला. चौकट सुटली असती तर सगळ्या माश्या अंगावर आल्या असत्या. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"हळू, हळू. आधी ठेवा."

मी चौकट नीट पेटीत ठेवली.

"आता ओरडा की! आणि पुढच्या रविवारी जुन्यांत बसा."

मी पोटभर ओरडले. बाई कानांत बोटं घालून हसत होत्या.