मी अहिल्याबाईच्या बाजूची

आमचे मालक उकंडराव म्हंजे एक नंबरचे भांडखोर. वसमतला एसटीवर डायवर होते, पण गाडीपेक्षा जास्त जीव थोरल्या बाजीरावावर. लग्नानंतर औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला नेलं. मी सहज म्हणले, "हे देऊळ अहिल्याबाईनं पुन्यांदा उभं केलं." झालं! पायरीवरच पेटले. "आगं शके, बाजीराव एक बी लढाई हरला न्हाई! तलवार चालली म्हणून देवळं राहिली."

मी काय गप बसणार व्हय? "आन त्यानं जिंकलेला मुलुख कुठं हाय आता? बाईनं बांधलेल्या बारवांचं पानी लोक अजून पेतेत."

तवापासून रोजचंच. मी भाकरी थापायची, ते चुलीम्होरं बसून भांडायचे. आमची प्रतीक्षा म्हणायची, "आई, झालं का पानिपत सुरू?" मला लई राग यायचा. मेलं, एकदा तरी 'शके, तुझं खरं' म्हणावं की माणसानं! पण न्हाई.

मग मालक इसरायला लागले. आधी चष्मा, मग घरचा रस्ता, मग पोटची पोरगी. डॉक्टर म्हणले, हे वाढतच जानार. पण बाजीरावाला नावं ठेवली की मालक तडकून उठायचे, "शके, तुला काय कळतंय!" म्हणून मी मुद्दाम खाजवून खरूज काढायची. भांडतेत तवर ते माझे हायेत, एवढंच मला कळत होतं.

परवा सकाळी ओसरीवर त्यांना चहा दिला आन म्हणले, "तुमच्या बाजीरावानं मागं काय ठेवलं वो? अहिल्याबाईच मोठी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बशी खाली ठेवली. परकी बाई आल्यावर लावावी तशी सदऱ्याची गुंडी लावली.

"बराबर हाय बाई तुमचं," म्हणले. "अहिल्याबाईच मोठी."

जलमभर हेच ऐकायला तरसले व्हते मी. आग लागो असल्या जिंकण्याला!

मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणले, "आमची शकू बी हेच म्हणती. मला कवाचंच पटलंय. पण तिला सांगू नका हां. भांडताना लई ग्वाड दिसती."

"न्हाई सांगत," म्हणले मी.

"बसा की वाईच," ते म्हणले. "येऊनच राहिली आसंल ती."

मी बसले.