राहिलेली रिबीन

पैठणच्या एका शाळेत आमच्या नृत्यसंस्थेनं बायांसाठी मोफत वर्ग घेतला. गाणं लावून आरशाचा खेळ चालला होता. एकीनं घरातलं रोजचं काम हवेत करायचं, समोरचीनं आरशासारखी तिची नक्कल करायची. सगळ्या भाकरीच थापत होत्या, मी कंटाळले होते. माझ्यासमोरची पन्नाशीची बाई मात्र हवेत वेणी घालू लागली. मधेच गुंता लागल्यासारखा तिचा हात हळू व्हायचा.

“कुणाची वेणी?” मी विचारलं.

“लेकीची. सिल्लोडला दिली, चार वर्षं झाली. हाताला नाय कळलं अजून.”

गाणं थांबलं. सगळ्यांनी हात खाली घेतले.

“थांबा की, रिबीन राहिली,” ती म्हणाली.

मी तिचा आरसा होते. माझेही हात वरच राहिले.