डॉक्टरांची उसळ आणि आमची उसळ

माझ्या बायकोच्या बोटांची सूज मी उसळ खाऊन वाढवली. वैद्यकशास्त्रात हे बसत नाही, पण आमच्या घरात व्यवस्थित बसलं.

पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा धरमपेठेत दोन खोल्यांत राहायचो. कमलला आमवात झाला होता. सकाळी तिची मूठ वळायची नाही आणि बोटांचे सांधे इतके सुजायचे की हातातल्या बांगड्या उतरेनात. शेवटी त्या वाढवाव्या लागल्या. त्या दिवशी ती फार रडली. कारण तीन महिन्यांनी उमरेडला तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं.

"सख्खी बहीण मी, अन् मांडवात बिनचुड्याची उभी राहू?" हा तिचा एकच घोर.

गल्लीच्या टोकाला एक तरुण डॉक्टर नुकतेच पुण्याहून आले होते. त्यांनी हात तपासला आणि म्हणाले, "तुमच्या शरीरानं स्वतःशीच भांडण काढलंय. गोळ्या चालूच ठेवायच्या. पण कुणाकुणाला एखादा पदार्थही बाधतो, तो शोधून पाहू. सहा आठवडे गहू, दूध-दही, शेंगदाणे, बटाटा, टोमॅटो, वांगं आणि मिरची पूर्ण बंद!"

"मिरची?" मी ओरडलो. (आजार कमलला होता, हे इथे नमूद करतो.)

"मिरचीसुद्धा. मग एकेक पदार्थ परत आणायचा, मध्ये चार दिवस जाऊ द्यायचे. दोन पदार्थ एकदम आणायचे नाहीत, नाहीतर चोर कोण ते कळणार नाही. उपाशी राहायचं नाही. आणि एक वही ठेवायची. काय खाल्लं आणि सकाळी बोटं कशी होती, रोज लिहायचं."

मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क. वही म्हटल्यावर माझी छाती फुगली. "वही माझ्याकडे! आणि साहेब, मीसुद्धा हिच्यासोबत हेच पथ्य करणार!" कमलनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला स्वतःचा अभिमान वाटला. उठता उठता मी सहज विचारलं, "उसळ चालेल का, डॉक्टर?"

"उत्तम! आठवड्यातून चारदा खा!"

आता लाज सोडून कबुली देतो. पुण्याच्या माणसाची उसळ म्हणजे मोड आलेले मूग. आम्हा नागपूरकरांची उसळ म्हणजे साबुदाण्याची, जिला बाकीचा महाराष्ट्र खिचडी म्हणतो. त्यात दाण्याचा कूट असतो, आलू असतो, हिरवी मिरची असते, वरून दही असतं. म्हणजे डॉक्टरांची अर्धी यादी एकाच कढईत! हे माझ्या लक्षात आलं नव्हतं का? आलं होतं. दवाखान्याची पायरी उतरतानाच आलं होतं. पण परत वर जाऊन विचारलं असतं, तर ते नाही म्हणाले असते!

पहिले चार दिवस ज्वारीची भाकर, दोडके, लौकी, मुगाचं वरण. सगळं बिनतिखटाचं. पाचव्या दिवशी मला ऑफिसातल्या खुर्चीचं रेक्झिनसुद्धा चविष्ट वाटायला लागलं.

"कमल, आज गुरुवार ना वं?" मी विचारलं.

"मंग?"

"तुह्या बिमारीसाठी उपास धरू म्हणतो. दोघंही."

"पण उपासाले उसळ लागते. त्यात दाणे, आलू राहते ना. चालते का?"

"डॉक्टरनं तुह्यासमोर सांगितलं ना, उसळ उत्तम! उपासाचं काही बाधत नसते."

तिनं विश्वास ठेवला. घरात पंचांग वाचणारा मीच होतो. (तिला ती बारीक अक्षरं दिसत नसत.) मग काय विचारता! गुरुवार झाला, शनिवार झाला, चतुर्थी झाली. सोमवार तर शंकराचाच.

"अहो, परवाच तं एकादशी झाली! आज कशी पुन्हा?"

"ती स्मार्त होती. ही भागवत!"

"त्या लागोपाठ येतात ना? हे तं मधात एक दिवस सोडून आली."

"या वर्षी तशीच आहे."

ती बिचारी सुजलेल्या बोटांनी दाणे कुटायची. मी दोन ताटल्या खायचो, ओठ पुसायचो आणि वळणदार अक्षरात लिहायचो: "उसळ." दुसऱ्या सकाळी त्याखाली लिहायचो: "बोटं आखडली." आणि खाली पट्टीनं रेघ मारायचो.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी वही उघडली आणि ते गंभीर झाले.

"उसळ, सूज. उसळ, सूज. मुगानं एवढी सूज आलेली मी कधी पाहिली नाही!"

"मूग?" कमल म्हणाली. "मूग तं मी वरणात खाल्ले. तेव्हा काही नाही झालं."

"मग ही उसळ कशाची?"

"साबुदाण्याची. उपासाची."

"ती खिचडी हो!"

"खिचडी तं तांदळाची राहते, डॉक्टरसाहेब!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काय काय घालता त्यात?"

"दाण्याचा कूट," कमल मोजायला बोट दुमडायला गेली, पण ते दुमडलं नाही. "आलू. हिरवी मिरची. अन् वरून दही."

प्रत्येक नावासरशी मी खुर्चीत एकेक इंच खाली जात होतो.

"आणि एवढे उपास सांगितले कुणी?"

कमलनं माझ्याकडे पाहिलं. मग वहीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. मी भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक मन लावून वाचत होतो.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ते तीन आठवडे फुकट गेले. आता पहिल्यापासून."

घरी येईस्तोवर ती माझ्या दोन पावलं पुढे चालली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. चप्पल काढता काढता एवढंच म्हणाली, "तुम्हाले खायाची होती, तं सांगाचं. मी रोज करून देल्ली असती. मी खाल्ली नसती, बस."

तिच्या हातांकडे पाहायची माझी हिंमत होईना. त्या दिवसापासून दाणे मीच कपाटाच्या वर ठेवले, भाकरी मी थापल्या (गोल एकही झाली नाही), आणि वहीत खरं लिहिलं. सहा आठवड्यांनी आलू परत आला, काही झालं नाही. दही आलं, काही झालं नाही. दाणे आले आणि दुसऱ्या सकाळी मूठ पुन्हा वळेना. चोर सापडला! दाणे गेले, गोळ्या राहिल्या, आणि सूज हळूहळू उतरू लागली. सगळी नाही, पण पुष्कळ.

लग्नाच्या आदल्या दिवशी उमरेडला कासारीण आली. मी दारामागे उभा होतो. तिनं कमलचा हात दाबला, वळवला, आणि हिरवी बांगडी सांध्यावरून अलगद आत गेली. मग दुसरी, मग तिसरी. माझे डोळे भरून आले.

"कोन्ता देव पावला वं बाई?" कासारणीनं विचारलं.

"देव नाही," कमल मोठ्यानं म्हणाली. "यायनं केलं. माह्यासाठी गुरुवार, शनिवार, सोमवार, सारे उपास धरले!"

साऱ्या बायका हळहळल्या. कमलच्या मावशीनं तिथल्या तिथे आपल्या नवऱ्याला सुनावलं, "पाहा, शिका काही!" मला खरं सांगायचं होतं. पण मी दारामागे आणखी सरकलो.

लग्नाचा दिवस नेमका गुरुवार. पंगत बसली. शेजारच्या पानांवर वडाभात पडला, त्यावर हिंगाची फोडणी पडली. मी घट्ट डोळे मिटून वास घेतला. डोळे उघडले, तर माझ्यासमोर वेगळं ताट. सासूबाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "जवाईबापू, तुमचा नेम आमच्या घरी मोडू नाही देणार!"

आणि हातभर हिरवा चुडा वाजवत कमल स्वतः वाढायला आली. माझ्या ताटात तिनं साबुदाण्याच्या उसळीचा डोंगर केला. "घ्या ना अजून! लाजता काहून?"

मी मान खाली घालून सगळी खाल्ली. फार चांगली झाली होती, आणि मी पुन्हा मागून घेतली.